पुरायला सांगितलेले टॉवेल

सिद्राम, तू जाऊन पंधरवडा होत आला आणि मी अजून कुणाचं नरडं धरलेलं नाही, याची मला लाज वाटते.

अशा लेखात लोक लिहितात, की गेलेल्याच्या आत्म्याला शांती लाभो. माझी तसली काही इच्छा नाही. तुझ्या आत्म्याला एवढ्यात शांती मिळूच नये. तू थोडे दिवस त्या साहेबाच्या घरी मुक्काम करावास, त्याच्या ताटातल्या भाकरीची वाळू करावीस, तो गादीवर पडला की गादीखालून ढुशा द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण तू ते करणार नाहीस. जिवंतपणी कुत्र्याला हाड म्हणताना मागेपुढे बघणारा तू, मेल्यावर काय भूत होणार! म्हणजे ते कामही माझ्याच गळ्यात. ठीक आहे. मी जिवंतपणीच भूत व्हायला तयार आहे, तसा माझा चेहराही अर्ध्या वाटेवर आलेला आहे.

साहेबाचं नाव मी इथं लिहीत नाही. छापखानेवाला म्हणतो, कोर्टाची भानगड होईल. मी म्हणतो, कोर्टाचं जाऊ दे, तुझे खिळे बाटतील.

तू वळसंगहून सोलापुरात आलास तेव्हा माझ्याकडं चार माग होते. मालक मीच, कामगार मीच, आणि शिव्या द्यायला दुसरं कुणी नाही म्हणून शिव्या खाणाराही मीच. तू आलास आणि निदान त्या खात्याची वाटणी झाली. गिऱ्हाइकाला मी सांगायचो, "अंबादासच्या मागावरचा टॉवेल चुकून विहिरीत पडला, तर विहीर आटते. मागच्या वर्षी मोहोळला एक पडला, तिथले लोक अजून मला शोधतायत." गिऱ्हाईक हसायचं, दोन टॉवेल जास्त घ्यायचं. आणि तू, मागावरून मान वर न करता, अगदी गंभीरपणे म्हणायचास, "तेवढं न्हाय वो आटत. पर पाणी लई पितोय, ते खरं हाय."

अरे, धंदा बुडवशील माझा! पण नाही. तुला प्रत्येक गोष्ट होती तेवढीच सांगायची असायची. ना इंचभर जास्त, ना इंचभर कमी. आपलं आयुष्यभराचं भांडण ते एवढंच.

मग तो मोठा दुष्काळ पडला. सूत मिळेना, माग थांबले, वळसंगला तर माणसं विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची. गढूळ, किडेमुंग्या पडलेलं पाणी. तुझ्या घरी महादेवीवहिनी घागरीच्या तोंडावर फडकं चौपदरी बांधायच्या आणि त्यातून ते गाळ गाळ गाळायच्या. पाणी गाळल्याशिवाय भरायचं नाही, हे तुमच्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नव्हतं. आमच्याकडंही नळाला फडकं बांधलेलं असतंच की.

त्या वर्षी तू एका मुकादमाच्या मागं समुद्राकडं गेलास. तिकडं अणूपासून वीज करायचा एक कारखाना होता. तिथलं वापरून झालेलं पाणी एका मोठ्या नळानं समुद्रात सोडायचे. त्या पाण्यातून किरणोत्सर्गी विष किती उतरतंय, हे पाहायला नळाच्या तोंडाजवळच्या खडकांवरून डबे भरून घ्यायचे. अर्धे डबे इथं तपासायचे आणि अर्धे विमानात घालून परदेशी पाठवायचे, कारण वेगवेगळ्या देशांनी मिळून नेमलेले तपासनीस त्यावर नजर ठेवून होते. डबे भरायचं काम कारखान्यानं एका बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं होतं. त्या कंत्राटावरचा साहेब, तोच हा.

आणि डबे भरायला माणूस कुणी निवडावा, तर वळसंगचा! ज्यानं जन्मात ओढ्यापेक्षा जास्त पाणी बघितलं नाही, ज्याला पोहता येत नाही, ज्याला लाट आली की "आली आली" म्हणून ओरडून सगळ्या खडकाला सावध करावंसं वाटतं, तो. पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा मी विचारलं, "कसा आहे रे समुद्र?"

तू पायातल्या वहाणा काढून ठेवल्यास. मग म्हणालास, "अंबू, एवढं पाणी हाय, एवढं पाणी हाय, आन एक बी बाई घागर घिऊन आलेली न्हाय."

मी हसलो. तू हसला नाहीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तेही तू पुसून घेतलंस, वाया जाऊ नये म्हणून.

मी मात्र तुझी बढाई सगळ्या पेठेत मिरवली. चहाच्या हॉटेलात सांगायचो, "आमच्या सिद्रामनं डबा भरल्याशिवाय समुद्राला भरती येत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष सकाळी उठून आधी विचारतो, सिद्रामचा डबा आला का? आला म्हटल्यावर मग चूळ भरतो." लोक मला खोटारडा म्हणायचे. म्हणू देत. तुझा डबा परदेशात जातो, एवढं तर खरं होतं. बाकी मी त्याला नुसती काठ-किनार लावायचो.

पण त्या डब्याचं एक गुपित होतं, आणि ते तुझ्या लेखी गुपित नव्हतंच. तू समुद्राचं पाणी गाळून भरत होतास.

साधी गोष्ट. कुणीतरी दूरदेशी ते पाणी घेणार, त्यात चिखल कसा जाऊ द्यायचा? तू डब्याच्या तोंडाला पंचा चौपदरी बांधलास आणि वळसंगला विहिरीचं पाणी गाळतात तसा समुद्र गाळलास. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. डबा स्वच्छ, पाणी नितळ. आता त्या विषाची खोड अशी, की ते बरंचसं बारीक चिखलाला चिकटून राहतं, भांड्याला काजळी चिकटते तसं. ते तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, वळसंगच्या आख्ख्या पंचायतीला ठाऊक नव्हतं. साहेबाला ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच तर तो साहेब होता.

त्यानं तुला गाळताना बघितलं. आता दुसरा एखादा साहेब काय म्हणाला असता? "अरे बाबा, असं करू नकोस, चिखलासकट भर." बस, एवढं एक वाक्य. ते बोलायला त्याच्या बापाचं काय जात होतं? पण तुझ्या डब्यांमुळं तपासणीत विषाचे आकडे कमी, म्हणजे गोड, यायला लागले होते. गोड आकडे आले, की साहेबाची पाठ थोपटली जायची. म्हणून त्यानं उलट तुझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "सिद्राम, फार व्यवस्थित काम आहे तुझं. पण पंचा पातळ पडतो. तुमच्या सोलापूरचे टॉवेल चांगले असतात म्हणे. जाड, घट्ट विणीचे आण."

ऐकतोयस ना? माझ्या मागावर आला तो! तू सुट्टीला आलास, तोंडभरून सांगितलंस, "अंबू, सायबानं आपलं टॉवेल मागिवल्यात." मी तर छाती फुगवून दाराची चौकट तोडायचा बाकी होतो. "अंबादासचा टॉवेल अणुशक्तीच्या कामाला!" घट्ट विणीचे, दुहेरी सुताचे, मी स्वतः बसून विणले. त्या माणसानं माझे हात माझ्याच नकळत स्वतःच्या चोरीला जुंपले. यासाठी वेगळा हिशोब आहे, सिद्राम. तुझा वेगळा, माझा वेगळा.

आणि आता ती गोष्ट, जी लिहिताना पेन हातातून फेकावंसं वाटतं. साहेब तुला म्हणाला होता, "वापरलेले टॉवेल घरी न्यायचे नाहीत. तिथंच खड्डा करून पुरायचे." चिखलाबरोबर सगळं विष त्या टॉवेलांत बसलेलं, पण का पुरायचे ते सांगितलं नाही. नुसतं पुरायचे.

तू पुरलेस का? नाही. चांगला धडधाकट टॉवेल, अजून एक धागा सुटलेला नाही, आणि तो मातीत घालायचा? आणि तोही कुणाचा? "तुज्या हातचा हुता, अंबू. मला पुरवंना." असं तू मला म्हणालास, दवाखान्यात, गेल्या महिन्यात. तू ते टॉवेल धुतलेस, वाळवलेस आणि उन्हाला डोक्याला बांधलेस. तोंड पुसलंस. त्यावर डोकं ठेवून झोपलास. माझ्या हातच्या विणीचा मान ठेवलास, सिद्राम. तुझ्याइतका मान माझ्या मालाला कुणीच दिला नाही, आणि मी तुला सांगतो, मला तो नको होता.

मग ती परदेशी तपासनीस बाई आली. तूच तिचं वर्णन केलं होतंस, "उंच, गोरी, आन उनानं निस्ती टमाट्यावानी झाली हुती." तिला डबे कसे भरतात ते स्वतः बघायचं होतं. साहेब म्हणाला, खडक निसरडे आहेत. ती म्हणाली, मी बूट आणलेत. साहेब म्हणाला, आज भरती आहे. ती म्हणाली, मी ओहोटीपर्यंत बसते. बसली की बया! आणि ओहोटीला तू नेहमीसारखा खडकांवर उतरलास, डब्याला टॉवेल बांधलास आणि पाणी गाळायला लागलास.

ती ओरडली नाही. दुभाष्याला जवळ बोलावून तिनं विचारलं, हे कापड कशाला?

"गाळायला की," तू म्हणालास. "आमच्याकडं कोण बी पाणी असं न गाळता भरत न्हाय, बाई."

हे कापड कुणी दिलं?

"सायबानं मागिवलं. सोलापूरचं हाय. लई चांगलं हाय."

दुभाष्यानं सांगितलं का सगळं, की मध्येच खाल्लं, कोण जाणे. कारण तो साहेबाच्या मोटारीतून आलेला. मग तिनं विचारलं, आणि नंतर या कापडाचं काय करता?

तू डोक्यावरचा दुसरा टॉवेल सोडून तिला दाखवलास. "हे काय. डोसक्याला बांधतो."

ती मटकन खडकावर बसली, असं तू सांगितलंस. मी त्यात काही घातलेलं नाही. तिनं तुझ्या डोक्याचा टॉवेल चिमट्यानं धरून एका पिशवीत बंद केला. तुझ्या हाताला मात्र तिनं हातमोजा काढून हात लावला, हे तू दोनदा सांगितलंस. दोन्ही वेळा तेवढंच सांगितलंस.

त्याच संध्याकाळी साहेबानं तुला कामावरून काढलं. कारण तयारच होतं: अडाणी माणूस, गावाकडची सवय, कुणाला न विचारता नमुने गाळत होता, आता आमच्या ध्यानात आलं. सगळीकडं हेच सांगितलं गेलं. म्हणजे जगातल्या एवढ्या देशांच्या डोळ्यांत धूळ कुणी टाकली? वळसंगच्या सिद्रामनं! तू मुकाट्यानं परत गेलास, खोलीतले उरलेले टॉवेल गोळा केलेस, आणि जिथं पुरायला सांगितलं होतं तिथं नेऊन पुरलेस. एकही मागं ठेवला नाहीस. अरे, एक तरी ठेवायचास! पण तू पडलास सरळ माणूस.

सोलापूरला आलास तेव्हा तुझं रक्त पातळ झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्ताचाच आजार आहे, कशानं झाला ते छातीठोक सांगता येत नाही. ठीक आहे, डॉक्टरांनी सांगू नये. ते शिकलेले आहेत, त्यांना पुरावा लागतो. मला लागत नाही.

मी खाटेशेजारी बसून आग ओकत होतो. म्हणालो, "मी पेपरात लिहितो. समुद्राला उकळी फुटली, माशांना तीन-तीन डोळे आले, साहेब ते मासे तळून खातो आणि अंधारात त्याचं पोट उजेड पाडतं, असं लिहितो. पेटवून देतो सगळं!"

तू डोळे मिटून ऐकलंस. म्हणालास, "अंबू, तू बोललास की खरं बी खोटं वाटतंय."

"मग तू बोल!"

"बोलणार की. ती बाई परत येणार हाय. मी सांगतो तिला, सायबानं बघितलं हुतं आन सायबानंच टॉवेल मागिवलं. एवढंच. तू मदी बोलू नगंस."

"एवढंच कसं? नुसतं एवढंच सांगून कोण ऐकतं?"

तुला उत्तर द्यायचं होतं. पण नर्स आली, सुई टोचली, आणि तुला झोप लागली. ते उत्तर राहिलं. ती बाई आली नाही, त्याआधी तू गेलास. आता माझ्याकडं फक्त माझंच बोलणं उरलं आहे, आणि त्यावर तर तुझा विश्वास नव्हता.

पण तुझ्या दिवसाच्या कार्याला काय झालं ते तुला सांगायलाच हवं. त्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसलो.

साहेब आला. मोटार घेऊन, पांढरे कपडे घालून, तुमच्या अंगणात खुर्चीवर बसला. गाव जमलेलंच होतं. दोन शब्द तो तुझ्याबद्दल बोलला. भोळा माणूस होता म्हणाला, आजार हा देवाच्या हातात म्हणाला. मग आवाज मऊ करून वहिनींना म्हणाला, "वहिनी, परदेशी लोक पुन्हा येतायत. तुम्हाला विचारतील. घाबरायचं नाही. एवढंच सांगायचं, की आमच्या यांना पाणी गाळायची लहानपणापासून सवय होती. कुणी सांगितलं नव्हतं. खोटं थोडंच आहे ते?"

वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आणि तुम्हाला सांगतो," साहेब सगळ्या गावाकडं वळला, "त्या पाण्यात काही नव्हतंच. नारळपाण्यासारखं पाणी. मी स्वतः त्यात हात घातलाय."

मी उठलो. बरोबर पिशवी होती. मी म्हणालो, "साहेब, एवढ्या लांबून आलात. आमच्याकडं पाहुण्याला टॉवेल-टोपी केल्याशिवाय पाठवत नाहीत."

आता दुखवट्याच्या घरी आहेर घरच्यांना करायचा असतो, पाहुण्याला नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. म्हाताऱ्या बसण्णाकाकांचा तर जबडाच खाली आला. पण साहेबाला काय माहीत! तो कौतुकानं मान पुढं करून बसला. मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल गळ्याभोवती नीट गुंडाळला, वर एक पीळ दिला आणि अगदी मधाळ आवाजात म्हणालो, "आमच्या सिद्रामचा आहे, साहेब. तुम्ही मागवले होते ना, त्यातलाच. समुद्र गाळलेला. शेवटपर्यंत डोक्याला होता त्याच्या."

पेठेत मी सांगतो, की साहेब लिंबाच्या शेंड्याइतका उडाला आणि खाली येईपर्यंत आमचा चहा पिऊन झाला. तुला खरं सांगतो. तो फक्त खुर्चीतून उठला, दोन्ही हातांनी टॉवेल ओरबाडला, लांब फेकला, मान सदऱ्याच्या बाहीनं खसाखसा घासायला लागला आणि किंचाळला, "अरे, ते सगळे पुरायला सांगितले होते ना मी!"

अंगणातली माणसं बसल्या जागची उठून उभी राहिली.

मग बसण्णाकाका सावकाश म्हणाले, "का वो सायेब? पाणी तर नारळपाण्यावानी हुतं की."

साहेबानं मान घासणं थांबवलं आणि मोटारीकडं बघितलं. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं.

महादेवीवहिनी उठल्या. अंगणाच्या कडेला पडलेला टॉवेल त्यांनी उचलला, झटकला आणि त्यानं आपलं तोंड पुसलं. डोळे पुसले, गाल पुसले, साहेबाकडं बघत बघत, सावकाश. त्यांना ठाऊक होतं. आदल्याच दिवशी मागावरून उतरवलेला कोरा टॉवेल होता तो. पिशवीत भरताना मी त्यांना दाखवला होता. तुझे सगळे तू पुरलेसच ना, मी कुठून आणणार? साहेब मात्र वहिनींच्या तोंडाकडं असा बघत होता, की मला वाटलं, आता याचंच रक्त पातळ होणार. मग तो मोटारीकडं चालायला लागला. टोपी डोक्यावर तशीच. कुणी त्याला "या" म्हटलं नाही.

माझं पोट भरलं का, विचारशील. नाही भरलं. एक किंकाळी घेऊन मी काय करू? मला त्याच्या घरच्या नळाचं पाणी चौपदरी टॉवेलनं गाळून त्यालाच तो टॉवेल पिळून पाजायचा आहे. मला त्याला वळसंगच्या उन्हात उभं करून एकेका माणसासमोर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं आहे. रोज झोपताना मी त्याला नवीन शिक्षा शोधतो, आणि सकाळी ती कमी वाटते.

पण आपल्या भांडणाचं काय ते बोल. तू म्हणायचास, माझ्या तोंडून खरंही खोटं वाटतं. त्या दिवशी मी धडधडीत खोटं बोललो आणि साहेबाच्या तोंडून खरं बाहेर पडलं. तू असतास तर काय म्हणाला असतास? "टॉवेल कोरा हुता, अंबू, तेवढं त्यास्नी सांगायला पायजे," असंच म्हणाला असतास. मेल्या, तेच म्हणाला असतास! आणि मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नसतो. ये आणि म्हण. मी बोलेन. लगेच बोलेन.

गाव पांगल्यावर मी वहिनींना म्हणालो, "त्या परदेशी बाई आल्या, की मी येतो बोलायला. असं रंगवून सांगतो, की साहेब..."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी यायचं. पर बोलायचं न्हाय."

"अहो, पण..."

"मी सांगणार हाय. मला त्यांनी समदं सांगितलंय. सायबानं बघितलं हुतं, सायबानंच टॉवेल मागिवलं, सायबानंच पुरायला सांगितलं आन का ते सांगितलं न्हाय. मागनं तुमी नवा टॉवेल त्याच्या गळ्यात घातला, ते बी सांगणार. आन बसण्णाकाका हायतीच. तुमी मदी एक अक्षर काढायचं न्हाय. काढणार न्हाय ना?"

तुझीच बायको, सिद्राम. ना इंचभर जास्त, ना इंचभर कमी.

मी कबूल केलं. जन्मात पहिल्यांदा एवढं अवघड काही कबूल केलं. त्या दिवशी साहेबालाही बोलावणार आहेत म्हणे, समोरासमोर. मी त्याच्या अगदी समोरची जागा आधीच धरून बसणार आहे. तोंड उघडणार नाही, खोकणार नाही, हूं की चूं करणार नाही.

पण त्याच्याकडं बघायचं नाही, असं वहिनी काही म्हणालेल्या नाहीत.